दोन बरण्या

सकाळच्या बोटीतून उर्सुला बार्रिएंतोस उतरली,
काखेत थंडपेटी, पाठीवर सूक्ष्मदर्शक,
दोन्ही बूट ओले.
पलीकडच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ.
म्हणाली, "तास तुमचाच. मी बरण्या धरते."

सव्वीस वर्षं मी शिकवते आहे
चिलोएच्या या टोकाच्या शाळेत,
जिथे शेगडीचं लाकूड मुलंच आणतात
आणि हजेरी भरती-ओहोटी पाहून घ्यावी लागते.
सव्वीस वर्षं शिंपल्याची आकृती काढली फळ्यावर:
कवच, कल्ले, पाय. बाण काढून नावं द्या.
पाच गुण.
मुलं ती उतरवून घेत आणि घरी जाऊन
तोच शिंपला लिंबू पिळून खात.
या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यावी
असं मला कधी सुचलं नाही.

दोन्ही बरण्यांत समुद्राचं पाणी,
शेवाळ कालवलेलं, हिरवंगार, गढूळ.
एकीत सहा शिंपले. दुसरीत काही नाही.
"आता बघत राहायचं. ते पाणी गाळतील."

दहा मिनिटं. वीस मिनिटं.
दातखीळ बसल्यासारखे सहाही गप्प.
उर्सुलाने तापमापक बुडवला, पुसला, परत बुडवला.
वही उघडली, मिटली.
तिचे कान लाल झालेले मी पाहिले
आणि माझ्यातली जुनी मास्तरीण जागी झाली:
तास वाया चाललाय, आकृती काढ, उरकून टाक.
हात खडूपर्यंत गेलाही होता.

"बाई, टेबल हलतंय."

मागच्या बाकावरून. नेफ्ताली काइचेओ.
वर्षभरात 'हजर'पलीकडे शब्द नाही त्याचा.
आई शिंपल्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
"रामिरो पाय आपटतोय. हादरा बसला की ते मिटतात.
दोरावर असतात तेव्हासुद्धा, होडी आपटली की मिटतात.
आणि वाकून बघू नका. सावली पडते."

उर्सुलाने कानामागची पेन्सिल काढली.
"परत सांग. सावकाश."
आणि त्याचं वाक्य तिने लिहून घेतलं,
तारीख घालून, त्याच्या नावासकट.

मग एकोणीस मुलं मागे सरकून बसली.
पट्टी आपटून, घसा फोडून
मला जी शांतता कधी मिळाली नाही
ती सहा शिंपल्यांनी फुकटात मिळवली.
शेगडीत लाकूड तडकलं
तर सगळ्या वर्गाने शेगडीकडे रागाने पाहिलं.

आणि एकाने फट उघडली. नखाएवढी.
कडेला झालर, हलणारी.
मग दुसऱ्याने. मग तिघांनी जवळजवळ एकदम.
सहावा मिटूनच राहिला.

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
बरणीच्या पलीकडे येसेनिया बसली होती,
ती हळूहळू दिसू लागली,
आधी वेणी, मग नाक,
मग पडलेल्या दाताची खिडकी.
दुसऱ्या बरणीपलीकडे कोण होतं
ते अजूनही कळत नव्हतं.

"तो एक का उघडत नाही?" खिडकीतून प्रश्न आला.
"घाबरलाय, की त्याला भूकच नाही?"

मी उर्सुलाकडे पाहिलं, तिने नेफ्तालीकडे.
त्याने खांदे उडवले.
"माहीत नाही," ती म्हणाली,
कुणी किती वाजले विचारावं
आणि हातात घड्याळ नसावं, इतक्या सहज.

माझ्या वर्गात या दोन शब्दांना
आजवर फक्त लाल शाई मिळाली होती.
मी खडू उचलला
आणि ते फळ्यावर लिहिले. आकृतीच्या जागी.

संध्याकाळच्या बोटीने उर्सुला गेली.
पाच शिंपले नेले, सूक्ष्मदर्शक ठेवला,
शुक्रवारपर्यंत. सहावा आमच्याकडे.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच
नेफ्ताली आला, लाकडाचा ओंडका छातीशी धरून.
रोज तो दारातूनच फेकतो.
आज गुडघे टेकून ठेवला,
टेबल हलणार नाही इतका हळू.